दोघांनाच ठाऊक असलेला कोड

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती कुठल्याही आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. एखाद्या ऑफिसात टेलिफोनचं एक्स्चेंज बसवलं, म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आतल्या आत फोन लावून देणारी ती भिंतीवरची पेटी बसवली, की बसवणारा तिला स्वतःचा एक कोड टाकतो. तो कोड दाबल्याशिवाय मशीनचं प्रोग्रामिंग उघडत नाही. कोणाच्या टेबलावरून बाहेर फोन लागेल, कोणाच्या नाही, कोणाची घंटा कोणाकडे वाजेल, सगळं त्या कोडच्या आत असतं. तो गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. सांगितला तर ते उद्या दुसरा मेकॅनिक आणतं आणि आपण बसतो माश्या मारत. पण रीतीचा दुसरा भाग असा की कोड एका माणसाला तरी सांगून ठेवायचाच, आणि तो माणूस म्हणजे आपला उस्ताद.

याला कारण आहे. भडगावकडचा एक मेकॅनिक मोटारसायकलवरून पडून गेला आणि कोड त्याच्याबरोबर गेले. त्याच्या हातची मशीनं एकेक करून पुरती पुसावी लागली. पुसलेलं मशीन म्हणजे नवं कोरं, कोणता नंबर कोणाचा हे त्याला काहीच आठवत नाही. ऑफिसातली माणसं आठवडाभर एकमेकांना जिन्यावरून हाका मारत होती. तेव्हापासून आमचे नाना प्रत्येकाला बजावायचे, ‘‘कोड गिऱ्हाईकले सांगानं नही. पन एक मानूसले सांगेल पाहिजे.’’

मी माझ्या हातच्या प्रत्येक मशीनचा कोड नानांना सांगत आले. नवऱ्याला मी एटीएमचा पिन सांगितला नाही, पण नानांना कोड सांगितले. नवरा यावरून चिडवायचा, आणि मी म्हणायचे, तुला कोड सांगितला तर तू काय करणार, आपल्या घरी एक्स्चेंज आहे का? तेव्हा हे हसण्यावारी न्यायचं बोलणं होतं.

नाना म्हणजे सरकारी टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतलेले, खांबांवर चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेले गृहस्थ. जळगावच्या बस स्टँडच्या मागे त्यांचा गाळा आहे. बाहेर पाटी, आत उघडी पडलेली मशीनं, जळलेली कार्डं आणि सोल्डरिंगचा वास. मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन नोकरीसाठी फिरत होते, तेव्हा जो तो विचारी, काउंटरवर बसशील का, बिलं फाडशील का. नानांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातली शिडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘चढ. भ्याव वाटना तं सांगजो.’’ मला भीती वाटत होती, पण मी ते सांगितलं नाही.

आमची वस्ती विहाराच्या मागची. वडील मार्केट कमिटीत हमाली करायचे. नानांच्या भाऊबंदांत आमच्याकडचं पाणी चालत नसे. नाना घरी आले, पाट मागून घेतला आणि आईला म्हणाले, भरीत असेल तर वाढा, कळण्याची भाकरी असेल तर दोन वाढा. जेवून उठताना वडिलांना म्हणाले, ‘‘आते हाई मन्ही आंडेर शे.’’ आता ही माझी लेक. हात धुवायला गेलेले वडील मोरीजवळ कितीतरी वेळ तसेच उभे होते. ते आता नाहीत, आणि पुढचं त्यांना बघावं लागलं नाही याचं मला बरंच वाटतं.

पुढे मी जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे बघू लागले. फैजपूरला केळीच्या गाड्या लावणाऱ्यांची ऑफिसं, इकडे डाळ मिल, तिकडे पतसंस्था. पिशवीत पक्कड, वायर दाबायचं पंच आणि तपासायचा एक जुना फोन घेऊन मी एसटीने हिंडायचे. ठिकाणावर पोचलं की ठरलेलं संभाषण व्हायचं. ‘‘मेकॅनिक कधी येणार?’’ ‘‘आलाय.’’ ‘‘कुठंय?’’ ‘‘तुमच्यापुढं.’’ ‘‘नाही, पण मेकॅनिक?’’ एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला मी शेवटी सांगितलं, तुमचा फोन पुरुषानंच दुरुस्त करावा असा त्याचा हट्ट असेल तर त्याला विचारा, मी बाहेर थांबते.

धुळ्याला एका संस्थेचं रुग्णालय आहे. मोबाइलच्या जमान्यात इंटरकॉम कोण वापरतं असं कोणी म्हणालं तर मी त्याला तिथं नेईन. दगडी जाड भिंती, तळमजल्यावर मोबाइलला रेंज नाही आणि ड्यूटीवर सिस्टर लोकांचे मोबाइल कपाटात. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात काही सांगायचं तर भिंतीवरचा फोन उचलायचा, नाहीतर चालत जायचं. ते मशीन मी बसवलेलं. कोड माझा, नानांना सांगितलेला.

तिथल्या टेलिफोन ऑपरेटर म्हणजे अक्का. जन्मापासून अंध. ऑपरेटरचं शिक्षण घेऊन या बोर्डावर बसल्या त्या केस पिकेपर्यंत. बाहेरचा फोन आला की तो योग्य ठिकाणी जोडून देणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या हाताखालून चुकीच्या जागी गेलेला फोन मी ऐकलेला नाही. त्यांचा माझ्यावर जीव होता. मी आले की खुर्चीवरून न उठता हात पुढे करायच्या आणि माझ्या मनगटाला धरून बसवायच्या. धुळ्याचा उन्हाळा चढला की जमीन भाजून निघते, मशीनची तार जमिनीत पुरलेली असते तो अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि साऱ्या फोनमध्ये घूं असा आवाज भरतो. उपाय साधा, खड्ड्यात मीठ आणि बादलीभर पाणी. पण रुग्णालयात तेवढंही कोण लक्षात ठेवणार? अक्का ठेवायच्या. मार्च लागला की मला फोन करायच्या, ‘‘पोरी, तुन्हा मशीनले तहान लागनी.’’ मग एका मावशीला पाठवून स्वतःच पाणी घालून घ्यायच्या.

तर गेल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, अक्कांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाल्या, ये, मशीन उघडून बघ, कोणीतरी ऐकतंय.

मी गेले. अक्कांनी जे सांगितलं ते असं. संध्याकाळची पाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी मिळावी, एवढी सिस्टर लोकांची मागणी होती. साधी मागणी. रस्त्यावर रिक्षा मिळत नाही, एकदोघींना वाईट अनुभव आलेले. त्या या वॉर्डातून त्या वॉर्डात फोनवर ठरवायच्या, कोण बोलेल, कधी जायचं. आणि प्रशासकांच्या केबिनमध्ये पाऊल टाकावं तर त्यांना आधीच सगळं ठाऊक. पहिली कोण बोलणार, दुसरी काय म्हणणार. बोलणाऱ्या दोघींची बदली दोन टोकांच्या वॉर्डांत. पुन्हा नव्यानं ठरवलं, पुन्हा तेच. मग त्यांनी विचार केला की फोनवरचं बोलणं कोणाच्या कानावर जाऊ शकतं, आणि साऱ्यांची बोटं अक्कांकडे वळली.

खरं तर आतल्या आतला फोन ऑपरेटरकडून जातच नाही, मशीन परस्पर लावतं. अक्कांनी हे शंभरदा सांगितलं. पण ऐकणार कोण? बोर्डावर एक बाई दिवसभर कानाला यंत्र लावून बसते, तिला दुसरं करायला आहे काय, असा सरळ हिशोब. दुपारी अक्कांबरोबर डबा खाणाऱ्या सिस्टर दुसऱ्या खोलीत बसू लागल्या. सुटी झाल्यावर फाटकापर्यंत हात धरून नेणारी कोणी उरली नाही. एकजण तोंडावर म्हणाली, आंधळीला देवानं कान जास्तीचे दिलेत. प्रशासकांनी बोलावून समजावलं की लोकांचा विश्वास उडालाय, तुम्हाला बोर्डावरून उठवून केस पेपरच्या खिडकीमागे खुर्ची देऊ, काम काही नाही, बसून राहा.

‘‘मन्हं पोट कानवर शे, पोरी,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘पन मी कोन्हं बोलनं चोरीसन ऐकस नही. तू शोध.’’

मी म्हणाले, शोधते. आणि माझ्या अंगात आलं. रागाच्या भरात माझे हात चांगले चालतात. आधी वायरांची पेटी उघडली. कोणी जादा वायर मारून एखाद्या फोनला दुसरा फोन जोडलाय का, ते जोडीजोडीनं पाहिलं. आत एक वाळलेली पाल आणि मुंग्यांचं वारूळ निघालं, पण चोरवायर नाही. वॉर्डातले फोन उघडून पाहिले. काही नाही. शेवटी अक्कांच्या बाजूला बसून कोड दाबला आणि मशीनचं प्रोग्रामिंग एकेक पान करून बघू लागले.

संस्थेच्या अध्यक्षांच्या फोनवर आले आणि थांबले. प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक सोय असते, दुसऱ्याच्या चालू बोलण्यात शिरायची. ती वाईट नाही. डॉक्टरांचा फोन गुंतलेला आहे आणि अतिदक्षता विभागातून तातडीचा निरोप आहे, तर मधे शिरता आलं पाहिजे. पण शिरलं की बोलणाऱ्या दोघांनाही टूं असा आवाज ऐकू येतो, म्हणजे त्यांना कळतं की तिसरा आलाय. मी मशीन बसवलं तेव्हा ही सोय फक्त अतिदक्षता विभागाला दिली होती. आता ती अध्यक्षांच्या फोनलाही होती, साऱ्या वॉर्डांसाठी. आणि तो टूं आवाज बंद केलेला होता. अध्यक्षांनी आपल्या खुर्चीत बसून कोणाचंही बोलणं ऐकायचं, प्रशासकांना कळवायचं आणि कोणाला पत्ता लागायचा नाही, अशी व्यवस्था.

ती व्यवस्था माझ्या कोडशिवाय होणं शक्य नव्हतं. कोड दोघांना ठाऊक. मी ती केली नव्हती.

माणूस अशा वेळी किती पळवाटा शोधतं. कोणीतरी माझी बोटं पाहिली असतील. मशीनला काहीतरी झालं असेल, वीज पडली असेल. मी अक्कांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मधे दुसरं कोणी मशीनकडे आलं होतं का? अक्का म्हणाल्या, ‘‘कोनी नही. नाना तेवढा येई गयात, तू फैजपूरले व्हती तवय. मन्हासाठे केळा लयनात.’’ किती आनंदानं सांगितलं त्यांनी. नानांनी आठवणीनं केळी आणली याचं केवढं कौतुक.

मी ती सोय काढून टाकली, आवाज पुन्हा चालू केला आणि अक्कांना समजावून सांगितलं की तुमचा याच्याशी काही संबंध नाही, मशीनमध्येच ऐकायची सोय करून ठेवलेली होती, आता बंद केली. अक्कांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग विचारलं, ‘‘कोनी करं?’’

मी म्हणाले, ‘‘विचारून सांगते, अक्का.’’

माझी जीभ एरवी कोणाला घाबरत नाही. पण उस्तादाचं नाव त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आधी त्याच्या तोंडावर विचारायचं, मग जगाला सांगायचं. मी रीत पाळली. ज्यानं रीत मोडली त्याच्यासाठी पाळली.

जळगावला पोचले ती तडक गाळ्यावर. नाना चष्मा नाकावर ओढून एका कार्डावर डाग देत होते. मी विचारलं, धुळ्याच्या अध्यक्षांच्या फोनला मधे शिरायची परवानगी कोणी दिली?

‘‘मी,’’ नाना म्हणाले. मान वर न करता.

‘‘आणि आवाज?’’

‘‘तोबी मीच बंद करा.’’

मला वाटलं होतं ते आढेवेढे घेतील, चिडतील, निदान थोडा वेळ लावतील. त्यांनी गरम सोल्डरिंग स्टँडवर ठेवलं आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागले. अध्यक्ष म्हणे, माझ्या घरात काय चाललंय ते मला कळलं पाहिजे. गिऱ्हाईक आहे, म्हणतं ते करावं लागतं. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कोणी करून दिलं असतं आणि मशीनही हातचं गेलं असतं. ‘‘तू नही म्हनती, मले माहीत व्हतं,’’ ते म्हणाले, ‘‘म्हनीसन तुले सांगं नही.’’ मी नाही म्हणाले असते हे माहीत होतं म्हणून मला सांगितलं नाही. त्यांना यात माझी काळजी घेतल्यासारखंच वाटत होतं.

मी अक्कांचं सारं सांगितलं. डबा, फाटक, केस पेपरची खिडकी. माझा आवाज चढत गेला तसे शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं कान टवकारले. नानांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते मी बघत होते. म्हणाले, ‘‘मी बोलस तठे. तू चिंता करू नको.’’ आणि मी खरंच चिंता सोडली. इतक्या वर्षांत या माणसानं शब्द दिला आणि पाळला नाही असं झालं नव्हतं. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हणाले, नाना चुकले, पण निस्तरतील.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला दुसरं काम निघालं. ते आटोपून मी मुद्दाम रुग्णालयात गेले. खरं सांगायचं तर मी थोडी मिरवतच गेले. अक्कांवरचं बालंट मी काढलं होतं.

वॉर्डाच्या दारात एक ओळखीची सिस्टर भेटली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाटेतून बाजूला झाली. मी हाक मारली तर म्हणाली, ‘‘चुकून राहिलं होतं म्हणे तुमच्याकडून. आमचं मात्र व्हायचं ते झालं.’’ मला काही उमजेना. मी प्रशासकांच्या केबिनमध्ये गेले. ते गोड माणूस, आवाज कधी वर जात नाही. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्यांच्याकडून मला कळलं की त्यांनी साऱ्या स्टाफला हॉलमध्ये जमवून सांगितलं होतं: मशीन बसवताना टेक्निशियन बाईंकडून एक सेटिंग चुकून चालू राहिलं, त्यामुळे एका टेबलावरचं बोलणं दुसऱ्या टेबलावर ऐकू जायचं. अध्यक्षसाहेबांनाही याचा त्रास होत होता. ऑपरेटरचा दोष नाही. आणि नाना तिथं उभे होते. त्यांनी सर्वांसमोर हात जोडून कबूल केलं की हो, आमच्या पोरीकडून राहिलं.

‘‘मोठ्या मनाचा माणूस,’’ प्रशासक म्हणाले. ‘‘चूक कोणाकडूनही होते, बाई. आम्ही हे वाढवणार नाही. काम तुमच्याकडेच राहील.’’

मी म्हणाले, मी काहीही चुकून ठेवलेलं नाही. ते अध्यक्षांनी सांगून करवून घेतलंय आणि तुम्हाला ते माहीत आहे.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. पुन्हा बसले. अगदी हळू म्हणाले, ‘‘हे बाहेर बोलून बघा. कोणाला खरं वाटणार नाही, आणि मग पुन्हा सगळं अक्कांवर येईल. लोकांना कोणीतरी लागतं. आता कुठं त्या बिचारीचं नीट झालंय.’’

अक्का बोर्डावर होत्या. डब्याला पुन्हा सोबत मिळाली असावी, कारण टेबलावर कोणाच्या तरी घरचं लोणचं होतं. मी ‘अक्का’ म्हणाले. एरवी पुढे येणारा हात आला नाही. त्यांनी बाहेरचा एक फोन जोडून दिला, दुसरा जोडून दिला. मग माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाल्या, ‘‘मी ‘कोणी केलं’ विचारलं, तर तुम्ही ‘विचारून सांगते’ म्हणालात. स्वतःलाच विचारायचं होतं का, ताई?’’

अक्का मला कधी ताई म्हणाल्या नव्हत्या, आणि तुम्ही तर नाहीच. आमच्या बोलीत बोलणारी बाई माझ्याशी बोर्डावरचं मराठी बोलत होती. मला सगळं सांगून टाकायचं होतं. पण दारात दोन सिस्टर उभ्या होत्या, टेबलावर ते लोणचं होतं, आणि प्रशासकांचं वाक्य कानात होतं. मी पिशवी उचलून बाहेर पडले.

एसटीत मला रडू आलं नाही, संताप आला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी मनातल्या मनात नानांशी भांडत होते. शिव्या म्हणाल तर आमच्या वस्तीतल्या साऱ्या वापरून झाल्या. चूक माझ्या नावावर टाकली याचा मला राग नव्हता. चुकीची शिक्षा माणूस सोसतं. मला राग याचा होता की ज्या दिवशी दोष द्यायला कोणीतरी पुढं करायचं होतं, त्या दिवशी नानांना सगळ्यात जवळचं माणूस सापडलं. मी कोड जिवाच्या भरवशावर दिला होता. त्यांनी तो वापरला, आणि वापरल्यावर ते काम माझंच होतं असंही सांगून टाकलं.

गाळा उघडाच होता. नानांनी माझं तोंड पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

मी म्हणाले, ‘‘नाना, अध्यक्ष गेला खड्ड्यात. ते हॉलमधले लोक काय समजायचं ते समजोत. मशीनही दुसऱ्याला द्या. पण अक्कांना आत्ता फोन लावा आणि माझ्यासमोर सांगा की ते मी केलेलं नाही. एवढंच. त्या कोणाला सांगणार नाहीत.’’

नानांनी हातातलं सोल्डरिंग स्टँडवर ठेवलं. मग म्हणाले, ‘‘बाप-लेकीमा चूक कोन्ही, हाई कोन इचारस?’’

‘‘मी विचारते. लावा.’’

‘‘लावस,’’ ते म्हणाले. मला त्या एका शब्दानं केवढा धीर आला. मला वाटलं, आहे, अजून आहेत नाना जागेवर.

त्यांनी टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते कायम स्पीकरवर बोलतात. अक्कांचा आवाज गाळाभर आला. नानांनी आपलं नाव सांगितलं, तब्येत विचारली. मग खुर्चीत थोडे पुढे वाकले, जणू अक्का समोरच बसल्या आहेत.

‘‘अक्का, मन्ही आंडेरमुळे तुमले लई तरास व्हयना,’’ नाना म्हणाले. ‘‘मी तवय येई गऊ, तरी मन्हा ध्यानमा उनं नही. धाकली शे, चुकी गयी. तिन्हा मनमा काही नही. ती आठे मन्हासमोर उभी शे, तोंड वर करी नही राहिनी. मी तिन्हाकरता तुमना पाय धरस, अक्का. मनवर घेऊ नका.’’

बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. खरंच भरून आला, डोळ्यांत पाणी होतं. ते नाटक असतं तर मला बरं वाटलं असतं.

‘‘नाना, तुम्ही मोठा मानूस,’’ पलीकडून अक्का म्हणाल्या. त्याही रडवेल्या झाल्या होत्या. ‘‘असं बोलू नका. तुम्ही शब्द टाकना, मन्हाकडतीन मिटनं.’’

आमच्याकडे वडीलधाऱ्यानं असा शब्द टाकला, तो समोरच्यानं झेलला, की लहानानं पुढे बोलायचं नसतं. मी टेबलावर वाकून ओरडले, ‘‘अक्का, मी नाही केलं. नानांनी केलंय. अध्यक्षांच्या सांगण्यावरून, माझा कोड वापरून नानांनी केलंय.’’

पलीकडे कुठल्यातरी वॉर्डाची घंटा वाजत होती, ती अक्कांनी उचलली नाही. मग त्या बोलल्या, सावकाश, बोर्डावरच्या स्वच्छ मराठीत.

‘‘ताई, चूक झाली याचं मला काही नाही. पण जो माणूस आत्ता तुमच्यासाठी माझे पाय धरतोय, त्याच्यावरच ढकलता? पुन्हा इथं येऊ नका.’’

फोन बंद झाला. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि सोल्डरिंग पुन्हा हातात घेतलं.

‘‘दोंडाईचानी मिलनी लाइन बंद शे,’’ नाना म्हणाले. ‘‘सकाय तू जाशी ना?’’